बुद्धिबळाच्या पटावर मोठें कोण?

२८ जुलै २०२५ रोजीं श्रावणांतील पहिला सोमवार होता. चाकणच्या शेजारचें आमचें महाळुंगे आतां पूर्वीचें राहिलेलें नाहीं. बैलगाडीच्या वाटांवरून आज रात्रंदिवस मालमोटारी धांवतात, आणि घरोघरच्या जेवणाच्या वेळा सूर्याकडे पाहून ठरत नाहींत, तर कारखान्यांतील पाळ्यांकडे पाहून ठरतात. तरीही श्रावणी सोमवारचा उपास तिन्हीसांजेस सर्वांनीं एकत्र बसून सोडण्याची चाल आमच्या घरांत अद्याप टिकून आहे. त्या दिवशीं मात्र पानें मांडून झालीं तरी जेवावयास येऊन बसण्यास कोणीच तयार होईना. सारी मंडळी एका पडद्याभोंवतीं दाटीवाटीनें बसली होती. काळ्या समुद्राच्या कांठीं, जॉर्जिया देशांतील बाटूमी शहरीं, नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रांतील अडतीस वर्षांची कोनेरू हंपी यांच्यामध्यें स्त्रियांच्या विश्वचषकाचा निर्णायक डाव चालला होता.

दोघींमधील पहिले दोन संथ डाव बरोबरींत सुटले होते; जलद डावांपैकीं पहिलाही बरोबरींतच गेला होता. दुसऱ्यांत काळीं मोहरीं घेऊन दिव्यानें बाजी मारली. त्या विजयाबरोबरच तिला ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी मिळाली. तो मान मिळविणारी ती ८८ वी भारतीय व चौथी भारतीय स्त्री होय. घरांत एकच आनंद झाला, उपास सुटला, आणि वरणभाताबरोबर वादासही तोंड फुटलें.

आमचे एक पुतणे चाकणच्या कारखान्यांत यंत्रविभागाकडे काम करतात. त्यांनीं पहिला घांस घेण्यापूर्वींच निकाल देऊन टाकला कीं, आजच्या मुलांपुढें जुने विश्वविजेते कांहींच नव्हत. त्यांना आज येथें आणून बसविलें तर ते दहाव्या चालीलाच चांचपडूं लागतील. आम्ही जुन्या वळणाचे. आम्हीं लागलीच कापाब्लांका आणि सुलतान खान यांचीं नांवें पुढें केलीं. वाद रंगांत आला असतां आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें वाढावयास आलेल्या आमच्या वडील भगिनीकडे पाहून सहज विचारलें, “आत्याआजी, तूं पण लहानपणीं खेळत होतीस ना? बाबा म्हणतात, तूं सगळ्यांना हरवायचीस. मग तूं दिव्यासारखी कां नाहीं झालीस?”

आत्याआजींनीं उत्तर दिलें नाहीं. त्या भाताचें पातेलें घेऊन आंत गेल्या. प्रश्न पोरकट आहे असें आम्हीं त्या वेळीं मनाशीं म्हटलें. पुढें मात्र जों जों विचार केला तों तों ध्यानांत आलें कीं, आम्ही दोघे शहाणे ज्या वादांत गुंतलों होतों त्याचें खरें मर्म त्या पोरीनेंच धरलें होतें. तें कसें, हें वाचकांपुढें क्रमानें मांडावें असा आमचा विचार आहे.

गुणांचें माप

निरनिराळ्या काळांतील बुद्धिबळपटूंची तुलना करूं लागलें म्हणजे आजकाल प्रथम पुढें केलें जातें तें गुणांकन. हंगेरींत जन्मलेले व अमेरिकेंत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनीं ही पद्धति बसविली. अमेरिकेंतील बुद्धिबळसंघटनेनें ती १९६० सालीं व जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. तिचें तत्त्व समजावयास कठीण नाहीं. दोन खेळाडूंच्या गुणांत १०० चें अंतर असेल तर वरचढ खेळाडूनें शंभर डावांत सुमारें ६४ गुण मिळवावेत, आणि अंतर २०० असेल तर सुमारें ७६ मिळवावेत, अशी अपेक्षा धरलेली असते. अपेक्षेहून अधिक मिळविलें तर गुणांकन चढतें, कमी पडलें तर उतरतें.

आतां यांत एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. हें माप अमुक खेळाडू किती उत्तम खेळतो हें सांगत नाहीं. तो आपल्या सोबत्यांहून किती उत्तम खेळतो एवढेंच सांगतें. शाळेंत पहिला नंबर आलेला मुलगा वर्गांत पहिला, हें खरें. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या पहिल्या नंबराहून तो हुशार कीं कमी, हें त्या नंबरावरून कळत नाहीं. बॉबी फिशर यांचें सर्वांत मोठें गुणांकन २७८५ हें १९७२ सालचें. मॅग्नस कार्लसन यांचें २८८२ हें २०१४ सालचें. नुसते आंकडे पाहिले तर कार्लसन सुमारें शंभर गुणांनीं वर आहेत. परंतु १९७२ सालीं फिशर यांच्या पाठोपाठ असलेले स्पास्की २६६० वर होते. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यांतील अंतर १२५ गुणांचें. २०१४ सालीं कार्लसन व त्यांच्या खालचे आरोनियन यांच्यांतील अंतर मात्र ६७ गुणांचें. एका मापानें एक मोठा ठरतो, दुसऱ्यानें दुसरा.

शिवाय हें माप आकाशांतून पडलेलें नाहीं. माणसांनीं ठरविलेलें आहे, आणि माणसें तें मध्येंच बदलतातही. जगांतील स्त्री-खेळाडूंचीं गुणांकनें वाजवीहून कमी आहेत असें वाटून जागतिक संघटनेनें १९८७ च्या आरंभीं सर्व स्त्रियांच्या गुणांत एकदम शंभरांची भर घातली, आणि त्यांतून हंगेरीच्या एकट्या सुसान पोल्गार यांस वगळलें. कारण त्यांचे गुण पुरुषांशीं खेळून मिळविलेले होते असें कारण देण्यांत आलें. २०२४ सालींही २००० च्या खालील खेळाडूंचे गुण एका सूत्रानें वाढविण्यांत आले. पूर्वी शेर आणि पायली हीं नांवें सगळीकडे एकच असत, पण गांव बदललें कीं मापही बदले. बुद्धिबळाच्या गुणांचें तसेंच आहे. गांवाच्या जागीं काळ म्हणावयाचा इतकेंच. आमच्या वडिलांच्या पहिल्या पगाराशीं पुतण्यांच्या पगाराची नुसत्या आंकड्यांवरून तुलना कोणी शहाणा करणार नाहीं. मग खेळाडूंचीच कां करावी?

यंत्राची साक्ष

पुतणे म्हणाले, “मग यंत्राला विचारावें. यंत्राला ना काळ, ना पक्षपात.” हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. १९९७ च्या मे महिन्यांत ‘डीप ब्लू’ या संगणकानें त्या वेळच्या विश्वविजेत्या कास्पारोव्ह यांस साडेतीन विरुद्ध अडीच असें हरविल्यापासून यंत्र हें या खेळांतील श्रेष्ठ पंच होऊन बसलें आहे. स्लोव्हेनियांतील गुईद व ब्रात्को या दोन संशोधकांनीं २००६ सालीं जुन्या-नव्या विश्वविजेत्यांच्या अजिंक्यपदाच्या लढतींतील चाली संगणकाकडून तपासविल्या, आणि प्रत्येक खेळाडू सर्वोत्तम चालीपासून सरासरीनें किती ढळतो हें मोजलें. त्यांत सर्वांत कमी ढळणारा खेळाडू निघाला तो क्यूबाचा कापाब्लांका! १९१६ पासून १९२४ पर्यंत आठ वर्षें जो एकही डाव हरला नाहीं, तोच हा पुरुष. आमच्या पुतण्यांचा चेहरा त्या क्षणीं पाहण्यासारखा झाला होता.

परंतु प्रामाणिकपणें सांगावयाचें तर ही साक्षही पुरी पडत नाहीं. कापाब्लांका साध्या, स्वच्छ मार्गानें जाणारे. गुंतागुंत टाळून जो खेळतो त्याच्या हातून चुका कमी होणें स्वाभाविक आहे. रानांतून वाट काढणारास कांटे अधिक बोंचतात, म्हणून तो राजरस्त्यानें चालणाराहून कमी चालणारा ठरत नाहीं. आणि याच कापाब्लांकांस १९२७ सालीं ब्वेनोस आयरीस येथें चौतीस डावांच्या दीर्घ झुंजींत आलेखिन यांनीं हरवून विश्वविजेतेपद घेतलें, हेंही विसरतां येत नाहीं. यंत्र चालींतील चूक दाखवितें. त्या चुकीमागील झोंप, भीति, भूक, घड्याळाचा कांटा आणि समोर बसलेल्या माणसाची नजर त्याला दिसत नाहीं.

नियमांचा दुसरा पट

गुण आणि यंत्र बाजूस ठेवून आतां माणसांकडे वळूं. आपल्या देशांत हा खेळ फार जुना. कल्याणच्या चालुक्यवंशी सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत तो आहे, आणि नीळकंठ भट्टांच्या ‘भगवंतभास्करां’तही त्याचें वर्णन आहे. परंतु आपल्या आजोबांच्या ओसरीवर जो डाव मांडला जाई तो आणि आजचा जागतिक डाव यांत पुष्कळ फरक होता. आपल्याकडे प्यादें आरंभींही एकच घर पुढें जाई. युरोपांतल्याप्रमाणें एका चालींत राजा व हत्ती यांची अदलाबदल करणारा किल्लेकोट नव्हता, तर राजास एकदां घोड्याची उडी घेतां येई. ज्याचें आयुष्य या पटावर गेलें त्यास विलायती पट म्हणजे परकी भाषाच होती.

पंजाबांतील मिठा तिवाना गांवचा सुलतान खान याच जुन्या पटावर वाढला. सर उमर हयात खान या जहागीरदाराच्या पदरीं तो होता. १९२९ सालीं धन्याबरोबर तो लंडनला गेला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद त्यानें जिंकलें. पुढें १९३२ व १९३३ या सालींही तें त्याच्याकडेच आलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेंत तर त्यानें प्रत्यक्ष कापाब्लांकांस हरविलें. प्रारंभीच्या चालींचा ग्रंथांवरून अभ्यास त्यानें कधीं केलेलाच नव्हता; बहुतेक डावांच्या आरंभीं तो मागें पडे व मध्यें आणि शेवटीं नुसत्या बुद्धीच्या जोरावर ती पिछाडी भरून काढी. १९३३ च्या अखेरीस धनी परतले, तोही परतला. युरोपच्या पटावर तो पुन्हां दिसला नाहीं. १९६६ सालीं तो वारला. ग्रँडमास्टर ही पदवी त्याच्या नांवास जागतिक संघटनेनें सन्मान म्हणून जोडली ती २०२४ सालीं!

त्याच जहागीरदाराच्या परिवारांत फातिमा नांवाची एक स्त्री होती, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १९३३ सालीं सुलतान खानानें पुरुषांचें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, त्याच वर्षीं फातिमेनें स्त्रियांचें मिळविलें. सुलतान खानाविषयीं आज पुस्तकें लिहिलीं जातात. फातिमा मायदेशीं परतली आणि बुद्धिबळाच्या इतिहासांतून नाहींशी झाली. दोघांचा पट एक, धनी एक, प्रवास एक. तरी मागें उरलेल्या कीर्तींत एवढें अंतर कां पडावें, याचें उत्तर कोणत्याही गुणांकनांत सांपडणार नाहीं.

खाडिलकर भगिनी आणि त्यांच्यामागून

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या देशांत १९५५ सालीं सुरू झाली, आणि पहिल्याच खेपेस रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे जोडीनें विजयी झाले. स्त्रियांच्या स्पर्धेस मात्र १९७४ साल उजाडावें लागलें. मधलीं एकोणीस वर्षें घराघरांतून ज्या मुली चांगल्या खेळत असतील त्यांना जावयास ठिकाणच नव्हतें.

१९७४ सालीं बंगळूर येथें झालेली ती पहिली स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. पुढच्या वर्षीं त्यांच्या भगिनी जयश्री व त्याच्या पुढच्या वर्षीं तिसऱ्या भगिनी रोहिणी विजयी झाल्या. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू व ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. या स्पर्धेचें पहिलें दशक त्या तिघींनींच गाजविलें. रोहिणी खाडिलकर पहिल्यानें राष्ट्रीय विजेत्या झाल्या तेव्हां अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. १९८१ सालीं हैदराबाद येथें व १९८३ सालीं क्वालालंपूर येथें त्यांनीं आशियाई अजिंक्यपदही मिळविलें.

परंतु आमच्या मतें त्यांचा सर्वांत मोठा डाव पटावरचा नव्हे. १९७६ सालीं रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या. असें करणारी ती पहिलीच भारतीय मुलगी. त्यावरून मोठा गदारोळ उठला व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. अखेरीस राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांस मज्जाव करतां येणार नाहीं, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांनीं दिला. हे यूव्हे स्वतः माजी विश्वविजेते. स्त्रियांच्या पहिल्या विश्वविजेत्या व्हेरा मेन्चिक यांच्याकडून तरुणपणीं ते एकाहून अधिक वेळां हरले होते, आणि सुलतान खानही त्यांच्याकडून हरला होता. स्त्री पटावर बसली म्हणजे काय होतें हें यूव्हे यांस कोणी शिकवावयास नको होतें!

खाडिलकर भगिनींच्या मागून भाग्यश्री साठे-ठिपसे व अनुपमा अभ्यंकर-गोखले आल्या. दोघींनींही राष्ट्रीय अजिंक्यपद पांच पांच वेळां मिळविलें. अनुपमा यांनीं १९८५ व १९८७ सालीं, आणि भाग्यश्री यांनीं १९९१ सालीं आशियाई विजेतेपद जिंकलें. भारताला पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद यांच्या रूपानें १९८८ सालीं मिळाला, हें येथें लक्षांत ठेवावें. म्हणजे या मुली वाढल्या तेव्हां आपल्या देशांत त्या दर्जाचा शिकविणारा तर नव्हताच, पण पाहावयासही कोणी नव्हता. परदेशीं छापलेलें एखादें पुस्तक किंवा मासिक हातीं पडलें तर त्यावरून डाव उतरून घ्यावयाचे. स्पर्धेंतला डाव लांबला तर तो तहकूब होई. पुढील चाल कागदावर लिहून पाकिटांत बंद केली जाई, आणि रात्रभर डोळ्यांत तेल घालून त्या स्थितीचा विचार आपला आपणच करावयाचा. आज ती चाल बंद पडली आहे, कारण मधल्या वेळांत यंत्र सारें सांगून मोकळें होतें.

दिव्याचा काळ

याच्या उलट आजचा काळ. तिसऱ्या आणि चौथ्या भारतीय ग्रँडमास्टरचा मान आपल्या प्रवीण ठिपसे व अभिजित कुंटे यांनीं अनुक्रमें १९९७ व २००० सालीं मिळविला, तेव्हांपासून महाराष्ट्रांत या खेळाचें शास्त्रोक्त शिक्षण वाढत गेलें. भाऊसाहेब पडसलगीकरांनीं आयुष्य वेंचून वाढविलेल्या सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनीं त्यापूर्वींच भूमि तयार करून ठेविली होती. त्याच सांगलीच्या स्वाती घाटे पुढें राष्ट्रीय विजेत्या झाल्या. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन २००९ सालीं मुलींच्या जागतिक कनिष्ठ गटांत विजयी ठरल्या. अशा मळलेल्या वाटेवर नागपूरची दिव्या आली.

दिव्याची कामगिरी मात्र वाटेच्या पुण्याईवर झालेली नाहीं. डॉक्टर आईबापांची ही मुलगी दहा वर्षांखालील गटांत २०१४ सालीं व बारा वर्षांखालील गटांत २०१७ सालीं जगांत पहिली आली. २०२४ सालीं गांधीनगर येथें तिनें कनिष्ठ जागतिक अजिंक्यपद अकरांपैकीं दहा गुणांनीं जिंकलें, आणि त्याच वर्षीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें भारतीय स्त्रियांच्या संघास सुवर्णपदक मिळालें, त्यांत तिनें स्वतःच्या पटावरचें सुवर्णपदकही मिळविलें. त्या संघाचे नायक अभिजित कुंटे होते. बाटूमीस तर चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणवल्ली, माजी विश्वविजेती तान झोंग्यी आणि शेवटीं हंपी, अशा एकीहून एक नामांकित प्रतिस्पर्धी तिनें मागें टाकल्या. आणि ही हंपी कोण? २०१९ व २०२४ सालची जलद बुद्धिबळांतील विश्वविजेती, आणि ग्रँडमास्टर पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री! दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ मधला. हंपीनें ती पदवी मिळविली २००२ सालीं. म्हणजे जिच्या जन्मापूर्वीं एकीनें ती वाट मोकळी केली, तिनेंच पुढें पहिलीला पटावर गांठलें.

या सुखाच्या काळांतही एक खडा आहे. २०२४ च्या जानेवारींत नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर दिव्यानें स्वतः जाहीरपणें सांगितलें कीं, पाहणारे लोक तिच्या चालींकडे लक्ष देण्याऐवजीं तिचे कपडे, केंस आणि बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. १९७६ सालीं मुलगी पुरुषांत बसली याचा राग होता. २०२४ सालीं ती बसते, पण पाहणाराची नजर पटावर टिकत नाहीं. पन्नास वर्षांत वाट रुंद झाली. निर्वेध झाली असें म्हणवत नाहीं.

निवाडा

आतां आमच्या जेवणाच्या पंगतींतील वादाचा निकाल लावूं. आम्हांस वाटतें, ‘मोठें कोण’ या एका प्रश्नाच्या पोटांत दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. खेळ कोणाचा श्रेष्ठ, हा पहिला. पराक्रम कोणाचा मोठा, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाबाबत पुतण्यांचें म्हणणें आम्हीं निमूटपणें मान्य केलें आहे. आजच्या दिव्यास १९८१ च्या रोहिणीसमोर बसविलें तर दिव्या जिंकेल, यांत संशय धरण्याचें कारण नाहीं. कारण मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगानें या खेळाविषयीं जें जें शोधून काढलें तें सारें दिव्याच्या हाताशीं आहे. आजच्या शाळकरी मुलास भास्कराचार्यांस ठाऊक नसलेलें गणित येतें, तसेंच हें. ज्ञान पुढें जातें. मागून येणारानें पुढें असणें हा त्याचा हक्कच आहे.

दुसरा प्रश्न मात्र निराळा. त्यासाठीं आमच्या गांवच्या शेजारचेंच उदाहरण पुरे आहे. चाकणचा संग्रामदुर्ग हा लहानसा भुईकोट. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध फिरंगोजी नरसाळा यांनीं मूठभर माणसांनिशीं तो सुमारें दोन महिने लढविला आणि मग तो पडला. आजच्या तोफखान्यापुढें तो कोट दोन घटकाही टिकणार नाहीं. तेवढ्यावरून फिरंगोजीचा पराक्रम कोणी कमी लेखतो काय? पराक्रम मोजावयाचा तो हातांत काय होतें, समोर काय होतें, आणि मागून येणारांस काय मिळालें, या तीन गोष्टींवरून. या तराजूंत सुलतान खानाचें पारडें जड, कारण हातांत कांहीं नसतां त्यानें जगांतील श्रेष्ठांस हरविलें. रोहिणी खाडिलकरांचेंही जड, कारण त्यांनीं केवळ डाव जिंकले नाहींत, मागच्यांसाठीं दार उघडलें. आणि दिव्याचेंही जडच, कारण हातांत साधनें आहेत तशीं तीं आज जगांतील हजारों मुलामुलींच्या हातांतही आहेत. सर्वांपाशीं सारखेंच शस्त्र असतां पुढें निघणें ही सोपी गोष्ट नव्हे. यांत एकास वर व दुसऱ्यास खालीं बसविण्याचा खटाटोप आम्ही सोडून दिला आहे. उतरंडीच्या वरच्या मडक्यानें खालच्याशीं उंचीची स्पर्धा करूं नये.

या तराजूंत न बसणारी मात्र एक जात राहते. जिचा डावच मांडला गेला नाहीं ती.

आमच्या भगिनी १९७५ सालीं सतरा वर्षांच्या होत्या. आमचें घर तेव्हां तालुक्याच्या गांवीं होतें. गणेशोत्सवांत झालेल्या बुद्धिबळाच्या सामन्यांत त्यांनीं वकील, मास्तर, मामलेदार कचेरींतील कारकून अशा सर्वांस ओळीनें हरविलें होतें. दिवाळीनंतर शहरांतील एका मोठ्या स्पर्धेचें बोलावणें आमच्या घरीं आलें. वडील मंडळींचा विचारविनिमय झाला. मुलीच्या जातीनें परगांवीं चार चार दिवस पुरुषांत बसणें बरें दिसणार नाहीं, शिवाय स्थळें पाहणें चालूं आहे, असें ठरलें. प्रवेशाचे पैसे भरलेले होते. ते वायां जाऊं नयेत म्हणून तिच्या जागीं आम्हांस धाडण्यांत आलें. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. घरीं तिच्याशीं आम्ही शेंकडों डाव खेळलों असूं; त्यांतील एकही जिंकल्याचें आम्हांस आठवत नाहीं. शहरांत आम्ही पहिल्याच फेरींत हरलों व चिवडा खात परत आलों. तिनें दारांतच विचारलें, कोणत्या चालीला चुकलास? आम्हीं पट मांडून दाखविलें. तिनें उंट एक घर मागें घेऊन सांगितलें, “येथें असें खेळावयाचें होतें.” पुढल्या वैशाखांत तिचें लग्न झालें. यजमान वारल्यावर त्या पुन्हां आमच्या घरीं राहावयास आल्या, आणि गेलीं कित्येक वर्षें या घराचें स्वयंपाकघर त्यांच्यावर चाललें आहे. पट माळ्यावर होता.

वाचकहो, त्या सोमवारीं रात्रीं मागचें आवरून झाल्यावर आम्हीं त्यांच्याजवळ जाऊन बसलों व म्हटलें, “अक्का, पोरीनें विचारलें त्याला उत्तर दे. नाहींतर मी देतों.” त्या म्हणाल्या, “उत्तर काय द्यायचें? कोणी पाठविलें नाहीं, म्हणून नाहीं झालें. तिला तेवढें सांग आणि पट खालीं काढून दे.”

दुसऱ्या दिवशीं नागपंचमी होती. पुरणाचीं दिंडें झाल्यावर दुपारीं पट माळ्यावरून खालीं आला. त्यांतील एक घोडा हरवला होता, त्याच्या जागीं सुपारी ठेवण्यांत आली. आत्याआजी व नात समोरासमोर बसल्या. पहिला डाव अठरा चालींत संपला, दुसरा तीसांत. नात रडकुंडीस आली तरी आत्याआजींनीं एकही चाल सोडली नाहीं. तिसऱ्या डावास आरंभ झाला तेव्हां दिवेलागण होत आली होती आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. त्या उठूं लागल्या. आम्हीं त्यांस खालीं बसविलें, विळी घेतली आणि दोडके चिरावयास बसलों. तेव्हांपासून आमच्या घरीं संध्याकाळची भाजी आम्ही चिरतों. ती फार जाड चिरली जाते अशी तक्रार आहे. परंतु पट अद्याप माळ्यावर परत गेलेला नाहीं.